कॉनराडीसाहेबांचा फोन

आलेटाने तिसऱ्यांदा गाडी पुढे घेतली, स्टिअरिंग उजवीकडे पुरतं फिरवलं आणि हळूहळू मागे सोडली. कॅरव्हॅनचं ढुंगण पुन्हा डावीकडेच निघालं, थेट फाटकाच्या दगडी खांबाकडे. तिने ब्रेक दाबला. पिकअप रस्त्यात आडवी, मागची कॅरव्हॅन तिरकी, आणि कारूच्या ओसाड माळरानातल्या त्या उन्हात इंजिनाची घरघर तेवढी चाललेली. दुपारचे तीन वाजले होते. विलोमोर गावात या वेळी कुत्रीसुद्धा रस्त्यावर येत नसत, म्हणून बरं.

चौदा आठवड्यांत सहा हजार किलोमीटर झाले होते. त्यातले शेवटचे अकरा आठवडे तिने एकटीने गाडी चालवली होती, पण नेहमी पुढेच. मागे घ्यायची वेळ आली ती स्वतःच्या दारात.

मागे घेणं हे लॉरेन्सचं काम होतं. बावीस वर्षं तो गाडीत बसे आणि ती मागे उभी राहून हात दाखवी. आता ती त्याच्या जागेवर बसून बाजूच्या आरशात बघत होती, आणि जिथे ती उभी राहायची तिथे फाटकाजवळच्या झाडाची सावली होती, दुसरं काही नव्हतं.

तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आरशात एक माणूस उभा होता. किंचित पुढे वाकलेला, डावा खांदा खाली, उजवा हात वर केलेला, बोटं मिटत-उघडत. ये, ये.

तिच्या तोंडून नाव निघणारच होतं. तेवढ्यात तो माणूस ओरडला.

"अगं, स्टिअरिंग डावीकडे! डावीकडे फिरवलंस की ती उजवीकडे जाईल. तो खांब माझ्या आजोबांच्या वेळेपासून तिथे आहे, त्याने तुझं काय वाकडं केलंय?"

तो गिडियन होता, लॉरेन्सचा मोठा भाऊ. समोरच्याच घरात राहायचा. शहात्तर वर्षांचा, पण आवाज अजून मेंढरं हाकणाऱ्या माणसाचा.

आलेटाने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. कॅरव्हॅन नाइलाजाने वळल्यासारखी वळली.

"ये... ये... अजून ये. बास!"

तिने गाडी बंद केली. हात मांडीवर ठेवले, एकावर एक. गिडियन खिडकीशी आला. टोपी काढली, पुन्हा घातली. शेजारच्या रिकाम्या सीटकडे त्याने पाहिलं नाही.

"आलात," तो म्हणाला.

हाच क्षण ती सकाळपासून टाळत आली होती. प्रिन्स अल्बर्ट गावाहून निघताना तिने ठरवलं होतं, पोचल्या पोचल्या सांगून टाकायचं. गाडीतून उतरायच्या आधी. दोन शब्दांचं तर वाक्य. वाटेत तिने ते मोठ्याने म्हणूनही पाहिलं होतं.

"लॉरेन्स मागे झोपलाय," ती म्हणाली. "कंबर धरलीय त्याची. जरा पडू दे म्हटलं."

गिडियनने मान हलवली.

"झोपू दे," तो म्हणाला. "तू आत चल. सकाळीच खिडक्या उघडून ठेवल्यात मी. घरात पाणी चालू आहे."

*

लॉरेन्स गेला तो किंबर्लीत, प्रवासाच्या तिसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी सकाळी. कॅरव्हॅनच्या टाकीत पाणी भरून झालं होतं. नळी गुंडाळून त्याने खुंटीला लावली, पायरीवर बसला आणि आत बघून म्हणाला, "जरा पाणी दे गं." ती पेला घेऊन येईपर्यंत तो एका बाजूला कलला होता. दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, त्याने तिचा हात धरूनच सांगितलं. शुक्रवारी तिच्या हातात त्याच्या राखेची एक लाकडी पेटी आली, पावाच्या डब्याएवढी.

पेटी शेजारच्या सीटवर ठेवून ती कितीतरी वेळ गाडीत बसून राहिली होती. दक्षिणेला घर. पश्चिमेला कुरुमन. समोर नकाशा उघडा होता, त्यावर लॉरेन्सने लाल पेन्सिलीने सगळा रस्ता आखलेला. कुरुमन, अपिंग्टन, ऑग्राबीस, स्प्रिंगबोक, तिथून पार समुद्रापर्यंत. घरी गेलं की लॉरेन्स तिथे नसणार, हे तिला पक्कं कळत होतं. कुरुमनबद्दल तसं काही पक्कं वाटत नव्हतं. तिने गाडी पश्चिमेला वळवली.

कुरुमनच्या कॅरव्हॅन पार्कमध्ये तिने आधी कळवलं नव्हतं. फोन करून जागा राखून ठेवणं हेही लॉरेन्सचंच काम. फाटकावर एक जाडजूड माणूस कागद अडकवलेली पाटी घेऊन पुढे आला.

"कॉनराडीबाई ना? तुमची जागा ठेवलीय. सरळ आत घ्या, बारा नंबर. जाताना समोरूनच बाहेर पडा, मागे घ्यायची भानगड नाही."

"मी तर कळवलं नव्हतं," आलेटा म्हणाली.

"तुमच्या साहेबांनी कळवलं की. तासाभरापूर्वी फोन आला होता कॉनराडीसाहेबांचा."

तिने सही केली. बारा नंबरला गाडी लावली. इंजिन बंद करायचं तिला सुचलं नाही. शेवटी शेजारच्या तंबूतली बाई येऊन काचेवर टकटक करून गेली.

कुणाचा फोन, आवाज कसा होता, हे ती त्या माणसाला विचारू शकली असती. त्याची खोली चाळीस पावलांवर होती. ती गेली नाही.

अपिंग्टनला तेच. ऑग्राबीसला तेच. प्रत्येक फाटकावर कुणीतरी हसून सांगे, कॉनराडीसाहेबांचा फोन आला होता, सरळ आत घ्या. पोर्ट नॉलथला धुकं इतकं दाट होतं की समुद्राचा नुसता आवाज येत होता. तिथल्या म्हाताऱ्या मालकिणीने तिच्या हातात गरम पावाची पिशवी दिली.

"तुमचे साहेब फार काळजी करतात हो तुमची," ती म्हणाली. "विचारत होते, जागा वाऱ्यापासून आडोशाला आहे ना. माझ्या नवऱ्याने जन्मात कधी विचारलं नाही."

"हो," आलेटा म्हणाली. "तसाच आहे तो."

त्यानंतर तिने विचार करणं सोडून दिलं. लॉरेन्स पुढे गेलाय, एवढंच. नेहमी जायचा तसा. ती दोन पेले काढी आणि एक परत ठेवी. मग तेही करेनाशी झाली, दोन्ही पेले ओट्यावरच राहू लागले. गाडी चालवताना ती त्याला म्हणे, बघ, वळण आलं. पहाटे वाऱ्याने कॅरव्हॅनचा पत्रा करकरे, आणि तो कूस बदलतोय असं समजून ती पुन्हा झोपी जाई.

*

रविवारी मात्र गिडियनला फोन करावा लागे. घराची किल्ली त्याच्याकडे होती, कोंबड्या त्याच्याकडे होत्या.

दोघा भावांचं बोलणं नऊ वर्षं बंद होतं. आलेटा आणि लॉरेन्स असेच एकदा कॅरव्हॅन घेऊन महिनाभर बाहेर होते, तेव्हा गिडियनने आईला वृद्धाश्रमात ठेवलं होतं. त्याची बायको तेव्हा अंथरुणाला खिळलेली. दोघींचं करणं त्याला एकट्याला जमेना. लॉरेन्स परतला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात आई गेली. पुरून माती लोटेपर्यंत लॉरेन्स गप्प होता. मग सगळ्या गावादेखत म्हणाला, "तू मारलंस तिला." गिडियन म्हणाला, "आणि तू कुठे होतास?" तेवढंच. त्यानंतर एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोघं राहिले, एकाच चर्चला गेले, आणि आलेटाने निरोपांची ने-आण केली. गिडियन भावाचं नावसुद्धा घेत नसे. फोनवर म्हणायचा, "तिकडे सगळं ठीक?" त्या 'तिकडे'मध्ये लॉरेन्स आला.

कुरुमनहून पहिल्या रविवारी तिने फोन लावला तो सांगायलाच. पलीकडून गिडियनचा आवाज आला, घसा खाकरून.

"लॉरेन्स कसा आहे?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा. आत्ताच विचारायचं होतं का या माणसाला? गेल्या रविवारी विचारलं असतं तर लॉरेन्स तिच्या शेजारीच बसून बूट पुसत होता.

"बरा आहे," ती म्हणाली. "चाकांतली हवा बघतोय."

"हं," गिडियन म्हणाला. "आणि तू जेवतेस ना वेळेवर?"

पुढच्या रविवारी पुन्हा, लॉरेन्स काय म्हणतो? ती सांगत गेली. ऑग्राबीसचा धबधबा बघून म्हणाला, एवढं पाणी आपल्याकडे असतं तर मेंढरं पोहायला शिकली असती. स्प्रिंगबोकला वाटाड्याशी भांडला. रचताना तिला कष्ट पडत नसत. बेचाळीस वर्षं ऐकलेला आवाज होता, तो आपोआप बोलायचा.

किनाऱ्यावरच्या लँबर्ट्स बे गावी गॅनेट पक्ष्यांचा कलकलाट चालला होता, आणि ती एका कानावर हात ठेवून बोलत होती. त्या रविवारी तिच्या तोंडून निघून गेलं.

"दादा, तो म्हणत होता, आईच्या वेळी मी बोललो ते बोलायला नको होतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"त्याला सांग," गिडियन म्हणाला, "मीही तेव्हा उलट बोलायला नको होतं." आणि त्याने फोन ठेवून दिला.

*

आता ती स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी होती. गिडियनने टेबल पुसून ठेवलं होतं. वाडग्यात अंडी होती, फडक्याखाली कडक टोस्ट. खिडक्या उघड्या असूनही घराला बंद घराचा वास येत होता. दाराजवळ लॉरेन्सचे मळ्यातले बूट होते, बाजूला सरकवलेले. कुणीतरी त्यांच्याखालचा केर काढून ते पुन्हा तिथेच ठेवले होते.

गिडियन कॉफीचं पाणी ठेवून बाहेर गेला होता, कॅरव्हॅनच्या चाकांना दगड लावतो म्हणून. पाणी उकळलं. तो आला नाही. आलेटाने खिडकीतून पाहिलं.

चाकांना दगड लावून झाले होते. गिडियन कॅरव्हॅनच्या बंद दारापाशी उभा होता. टोपी हातात. पांढरे केस वाऱ्याने उडत होते. दुसरा हात त्याने पत्र्यावर ठेवला होता, आजारी जनावराच्या कुशीवर ठेवतात तसा, आणि काही न करता नुसता उभा होता. दार ठोठावत नव्हता. हाक मारत नव्हता.

आलेटाने गॅस बंद केला. पायऱ्या उतरून ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"दादा, तो आत झोपलेला नाही."

"माहीत आहे."

"किंबर्लीतच गेला. बुधवारी सकाळी."

"माहीत आहे गं." तो वळला नाही. "त्याच दुपारी दवाखान्यातून नर्सचा फोन आला. त्याच्या पाकिटात चिठ्ठी होती म्हणाली, अडचण आल्यास कळवावे. खाली माझं नाव आणि नंबर. मला विचारलं, तुम्ही भाऊ का? चिठ्ठीवर भाऊ असं लिहिलंय." त्याने पत्र्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. "मी हो म्हणालो."

आलेटाला त्या चिठ्ठीची कल्पना नव्हती. पाकीट अजून तिच्या पर्समध्ये होतं, तिने उघडलंच नव्हतं.

"दोन दिवस तुझ्या फोनची वाट बघून शुक्रवारी मी निघालो होतो यायला. गाडीत बसलोसुद्धा. मग पुन्हा दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, बाई पेटी घेऊन आपल्या आपण गेल्या. कुठे, ते माहीत नाही. आदल्या रविवारी तू कुरुमन म्हणाली होतीस. तिथल्या पार्कवाल्याला फोन लावला. म्हटलं, बाई पोचल्या की कळव, आणि सरळ आत-बाहेर होईल अशी जागा दे, तिला मागे घेता येत नाही. बावीस वर्षं माझ्या व्हरांड्यातून बघतोय मी तुम्हा दोघांचा तमाशा."

आलेटा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. डावा खांदा खाली.

"ते तुम्ही होतात," ती म्हणाली. "अपिंग्टनला? पोर्ट नॉलथला?"

"सगळीकडे. रविवारी तू पुढचं गाव सांगायचीस, सोमवारी मी फोन करायचो. का, काही चुकलं का?"

"नाही."

काही चुकलं नव्हतं. पण अकरा आठवडे तिच्या पुढे, धुळीच्या पलीकडे, प्रत्येक वळणापाशी जो कुणी चालत होता, तो आत्ता, या अंगणात, भर उन्हात थांबला. तिला ते अंगात जाणवलं. ती कॅरव्हॅनच्या पायरीवर बसली. मग कळलं की हीच ती पायरी, पण तिला उठवेना.

गिडियनने तिला बसू दिलं. मग ती म्हणाली,

"मग दर रविवारी मला विचारत का होतात, लॉरेन्स कसा आहे म्हणून? माहीत होतं तर?"

"पहिल्या रविवारी विचारलं ते तू सांगावंस म्हणून. म्हटलं, मी नाव घेतलं की तिला सोपं जाईल. तर तू म्हणालीस, चाकांतली हवा बघतोय." त्याने टोपी दोन्ही हातांनी फिरवली. "नंतर मात्र ऐकायचं म्हणून विचारत होतो. नऊ वर्षं मला त्याचं काहीच कळलं नव्हतं, आलेटा. ते मेंढरांचं पोहणं ऐकून मी एकटाच हसत बसलो होतो."

ती उठली, किल्ली काढून दार उघडलं. आत उकाडा होता. ओट्यावर दोन पेले उपडे ठेवलेले. गिडियन दारात थबकला. या कॅरव्हॅनमध्ये त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बुटांचे तळ पायरीला घासून तो वाकून आत आला आणि बिछान्याच्या कडेवर बसला.

"कुठे ठेवलंयस त्याला?"

तिने वरचं कपाट उघडलं. पेटी लॉरेन्सच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली होती. ती तिने खाली काढून त्याच्या मांडीवर दिली. गिडियनने स्वेटर सोडला नाही. दोन्ही तळवे त्यावर ठेवून बसला.

"ते आईबद्दलचं," तो म्हणाला. "तो बोलला होता, की तू?"

अजून एकदा खोटं बोलणं अवघड नव्हतं. किंबर्लीच्या आधी, गाडीत बोलला होता, असं म्हटलं की झालं. म्हाताऱ्याने मान वर करून पाहिलंही नसतं. वाक्य तिच्या ओठांशी तयार होतं, लॉरेन्सच्या आवाजासकट.

"मी," आलेटा म्हणाली.

"हं. वाटलंच मला. त्याला इतकं सरळ बोलता आलं नसतं." तो थोडासा हसला, मग हसू राहिलं नाही. "पण मी जे म्हणालो, ते त्यालाच म्हणालो होतो."

"तुमचा निरोप मी दिला त्याला. त्याच संध्याकाळी, इथेच. मोठ्याने सांगितला."

गिडियनने मान वर केली. त्याचे डोळे लॉरेन्सच्या डोळ्यांपेक्षा फिकट होते, हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

"काय म्हणाला?"

आलेटाने ओट्याचा आधार घेतला. बाहेर कोंबड्यांचा आवाज येत होता. ती वाट बघत होती, आतून तो आवाज येईल म्हणून. काहीच आलं नाही.

"काही नाही, दादा," ती म्हणाली. "मी पुष्कळ वेळ थांबले होते. काहीच म्हणाला नाही."

गिडियनने मान हलवली. पेटी मांडीवर सांभाळत तो भिंतीकडे सरकला. त्याच्या बाजूला तिला बसण्यापुरती जागा झाली.

"वेळ लागतो त्याला," तो म्हणाला.